सोळाशे मीटर आणि सहा लाख एक्क्याऐंशी हजार कोटी

पहाटे साडेपाचला बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर उभं राहा. भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. एकाच्या हातात मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच चालू. सगळ्यांचा जीव एकाच आकड्यात अडकलेला: ५ मिनिटं ३० सेकंद. तेवढ्यात सोळाशे मीटर झाले, तर सैन्यभरतीत धावण्याचे पैकीच्या पैकी ६० गुण.

आता त्याच वेळी दुसरं घड्याळ लावू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये ठेवले गेले. वर्षाच्या ३ कोटी १५ लाख ३६ हजार सेकंदांवर ते सारखे वाटले, तर सेकंदाला २ लाख १६ हजार रुपये पडतात. पोरगं सोळाशे मारून, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायला लागेपर्यंत या हिशेबाने ७ कोटी १३ लाख रुपये गेलेले असतात.

हीच रक्कम कुणी सेकंदाला एक रुपया या गतीने, न झोपता मोजायला बसला तर त्याला २ लाख १६ हजार वर्षं लागतील. एवढ्या काळाचं माप जिल्ह्यात एकच आहे, लोणारचं विवर. त्याचं वय आधी ५२ हजार वर्षं धरलं जायचं; पुढच्या अभ्यासात ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघालं. जुनाच अंदाज खरा मानला, तर उल्का आदळली त्या दिवशी मोजायला बसलेल्याचं आज पाव कामसुद्धा उरकलेलं नसतं.

पैसा वाढत कसा गेला, तेही जिल्ह्याच्याच वाटेने पाहता येतं. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले. त्यात मलकापूरचे संजय राजपूत होते आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड होते. २०११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १२१ कोटी, जिल्ह्याची २५ लाख ८६ हजार. म्हणजे ४६८ भारतीयांमागे एक बुलढाण्याचा. पुलवामात मात्र दर वीस जवानांमागे एक बुलढाण्याचा होता. वाट्याला यायला हवं होतं त्याच्या तेवीसपटीहून जास्त.

त्या हल्ल्यानंतर बाराव्या दिवशी हवाई दलाची विमानं बालाकोटपर्यंत गेली. २०१६ मध्ये उरीतल्या हल्ल्यानंतर अकराव्या दिवशी लष्कराने नियंत्रण रेषा ओलांडून कारवाई केली होती. २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली आणि पंधराव्या दिवशी, ६-७ मेच्या रात्री, २५ मिनिटांत नऊ ठिकाणांवर मारा झाला. त्यात पार पाकिस्तानी पंजाबातलं बहावलपूरही होतं. दर वेळी आणखी आत, दर वेळी आणखी महाग शस्त्रांनी. पुलवामानंतरच्या २०१९-२० या आर्थिक वर्षात संरक्षणाची तरतूद ४ लाख ३१ हजार कोटी होती. सहा वर्षांत ती अडीच लाख कोटींनी वाढली.

पण शस्त्रांच्या या शर्यतीला मागून ओढणारा एक आकडा आहे. सेकंदाच्या त्या २ लाख १६ हजारांतले ५१ हजार निवृत्तिवेतनासाठी होते. वर्षाला १ लाख ६० हजार ७९५ कोटी. घेणारे ३४ लाखांहून जास्त. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात, तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, २०११ साली जेवढी माणसं होती त्याहून आठ लाखांनी अधिक. विमानं, तोफा, जहाजं यांच्यासह सगळा भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटी. म्हणजे भांडवली खर्चाला रुपया, तर निवृत्तिवेतनाला जवळपास नव्वद पैसे.

१४ जून २०२२ ला जाहीर झालेली अग्निपथ योजना या आकड्यांशेजारी ठेवून वाचावी लागते. सरकारने सांगितलेलं कारण सैन्य तरुण करण्याचं होतं: सरासरी वय ३२ वरून २६ वर आणायचं. पहिल्या वर्षी ४६ हजार जागा. आधीचा शिपाई १५ वर्षं काढून गावी आला की हयातभर पेन्शन घ्यायचा. या योजनेतल्या अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. शंभरातले फार तर २५ पुढे राहणार. बाकीच्यांना ना पेन्शन, ना ग्रॅच्युइटी.

पगार पहिल्या वर्षी ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार. चार वर्षांचे मिळून १६ लाख ७४ हजार. त्यातले ३० टक्के, ५ लाख २ हजार, कापून ठेवायचे. तेवढेच सरकार घालणार आणि व्याजासह हातात ११ लाख ७१ हजार येणार. हा सेवा निधी. दिल्लीच्या घड्याळात ही रक्कम साडेपाच सेकंदांचीही नाही. गावात मात्र तिचं वजन वेगळं. सोयाबीनच्या २०२५-२६ मधल्या ५,३२८ रुपये हमीभावाने ते २२० क्विंटल होतात. एकरी आठ क्विंटल पिकलं असं धरा, तर साडेसत्तावीस एकरांचं पीक, तेही बियाणं, खत, फवारणी, मजुरी न वजा करता. कोरडवाहू पाच एकरवाल्याच्या घरी म्हणून त्या चार वर्षांना कुणी नाक मुरडत नाही.

सैलानी बाबांच्या यात्रेमुळे पिंपळगाव सराई सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या गावाचं नाव वेगळ्या कारणाने देशभर गेलं. गावचा अक्षय गवते सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. तिथे प्राण गमावलेला तो पहिला अग्निवीर. त्याला भरती होऊन वर्षही झालं नव्हतं.

सियाचिनची हिमनदी ७६ किलोमीटरची, बुलढाण्याहून खामगावमार्गे शेगावला जाण्याच्या अंतरापेक्षा थोडी लांब. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर, तर तिथल्या सर्वांत उंच चौक्या ६,४०० मीटरच्या आसपास. दहापट. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी. मलकापूर-खामगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, वर हिवाळ्यात उणे ५०. म्हणजे या पोरांच्या अंगाला ९५ अंशांचा फरक सोसायचा असतो. भारतीय सैन्य १३ एप्रिल १९८४ पासून तिथे आहे आणि तिथले बहुतेक मृत्यू गोळीने नाही, थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेने झाले आहेत.

अक्षयनंतर कुटुंबाला काय मिळणार, यावर देशभर वाद झाला, तेव्हा सैन्याने आकडे जाहीर केले. विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, चार वर्षांतल्या उरलेल्या नोकरीचा पगार १३ लाखांहून थोडा जास्त, सशस्त्र दलांच्या निधीतून ८ लाख. बेरीज १ कोटी १३ लाखांची, सेवा निधी त्याहून वेगळा. कुटुंब-पेन्शन या यादीत नाही, कारण योजनेतच ती नाही.

हे १ कोटी १३ लाख त्या दुसऱ्या घड्याळावर ५२ सेकंदांचे. साडेपाच मिनिटांत सोळाशे मारणारा पोरगा ५२ सेकंदांत जेमतेम अडीचशे मीटर गेलेला असतो. त्याचा श्वास अजून नीट लागलेलाही नसतो.

अक्षयसोबत भरती झालेल्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण व्हायला लागतात. चौघांतला फार तर एक राहील, निदान तिघं घरी येतील. साडेसतराव्या वर्षी गेलेला साडेएकविसाव्या वर्षी परतेल, तेव्हा त्याच्यापुढे साठीपर्यंतची साडेअडतीस वर्षं असतील. ११ लाख ७१ हजार त्या वर्षांवर पसरले तर महिन्याला सुमारे अडीच हजार पडतात. तो गावी उतरेल त्या पहाटेही रस्त्यावर मोबाइलचं स्टॉपवॉच चालू असेल, आणि वेळ सांगायला बहुधा त्यालाच उभं करतील.