गोधडीचं डिझाइन कॉम्प्युटरवर: कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

'आईच्या लुगड्याची गोधडी करून द्या' म्हणत कुणी आलं, की शिवणारीच्या हातातली कात्री थबकते. बाजारातलं कापड चुकलं तर दुसरं आणता येतं, हे लुगडं मात्र एकच असतं. चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी गोधड्या शिवून देणाऱ्या बाईला कॉम्प्युटरचा खरा उपयोग इथेच आहे. कापण्याआधी मांडणी बघता येते, आणि गिऱ्हाईक पुण्याला असेल तर तिचं चित्र व्हॉट्सअॅपवर पाठवून होकार घेता येतो.

पण 'क्विल्ट डिझाइन' या नावाने मिळणारी बरीचशी सॉफ्टवेअर्स अमेरिकेतल्या सवयी धरून बनवलेली असतात. तिकडे आधी डिझाइन ठरतं आणि मग त्यासाठी नवं कापड विकत घेतात. त्यामुळे सॉफ्टवेअर शेवटी सांगतं, अमुक रंगाचं इतकं यार्ड कापड आणा. आपल्याकडे उलटं आहे. कापड आधी, डिझाइन नंतर. आपला प्रश्न असतो: हातात आहे त्यात किती तुकडे निघतील?

आधी हेही पाहा, की सॉफ्टवेअर लागतंय का. जुन्या साड्यांचे थर अंथरून, कडेपासून धावदोरा घालत मध्यापर्यंत येणारी गोधडी किंवा वाकळ शिवत असाल, हाताला येईल ते ठिगळ लावत असाल, तर पैसे घालवू नका. ती रचना हातातच तयार होते. सॉफ्टवेअर कामाला येतं ते चौकोन-त्रिकोण ठरावीक मापाने जोडायचे असतील तेव्हा.

हिशोब कुठे चुकतो?

समजा गोधडी ६० बाय ९० इंचांची आहे आणि चौकोन १० इंचांचे. आडवे ६, उभे ९, एकूण ५४ तुकडे. पण कापताना प्रत्येक बाजूला पाव इंच माया सोडायची, म्हणून तुकडा साडेदहा इंचांचा कापावा लागतो. ही माया विसरून १० इंचांचेच कापले, तर शिवल्यावर चौकोन साडेनऊचा उरतो आणि गोधडी ५७ बाय साडेपंच्याऐंशीची होते. अंगावर घेणाऱ्याचे पाय उघडे!

आता लुगड्याकडे या. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. पन्हा ४५ इंच धरू. दोन्ही काठ चार-चार इंचांचे, ते वेगळे काढले तर ३७ इंच उरतात. त्यात साडेदहाच्या ३ ओळी बसतात, लांबीत ३० तुकडे, म्हणजे एकूण ९०. पण वापरून विरलेला भाग एक तृतीयांश निघाला तर हाती फक्त ६० राहतात. लागणार ५४. चुकायला जागा सहाच तुकड्यांची. कोणत्याही सॉफ्टवेअरला विरलेला भाग दिसत नाही. तो लुगडं उजेडात धरून आपणच मोजायचा.

मग घ्यायचं काय?

चौकोनांच्या साध्या गोधडीला लिबरऑफिस कॅल्क किंवा एक्सेल पुरतं. लिबरऑफिस फुकट आहे. रकाने चौकोनी करा, प्रत्येकात रंगाचं अक्षर लिहा, लालसाठी 'ल', हिरव्यासाठी 'ह'. 'काउंटइफ' हे सूत्र कोणत्या रंगाचे किती तुकडे ते मोजून देतं. मी तरी सुरुवात इथूनच करायला सांगेन. बचत गटात एखादीला हिशोबाची वही कॉम्प्युटरवर ठेवता येत असेल, तर तिला हे तासाभरात जमेल.

त्रिकोण, चांदण्या किंवा साडीचा खरा फोटो तुकड्यात भरून दाखवायचा असेल, तर इंकस्केप घ्या. हेही फुकट. ते चित्रांसाठी बनलेलं असल्यामुळे माया आणि मोजणी तुमच्याकडेच राहते, आणि शिकायला काही दिवस जातात. पण त्याची फाइल एसव्हीजी प्रकारची असते, दुसऱ्या प्रोग्राममध्येही उघडते. प्रीक्विल्ट हे ब्राउझरमध्ये चालणारं आहे. मांडणी आणि रंग झटपट बदलून बघायला सोपं, पण इंटरनेट हवं.

खास क्विल्टसाठीच बनवलेलं, नाव असलेलं सॉफ्टवेअर म्हणजे इलेक्ट्रिक क्विल्ट. त्याची आठवी आवृत्ती, ईक्यू८, २०१७ मध्ये आली. हजारो तयार ब्लॉक, मायेसकट छापता येणारे साचे, आपल्या कापडाचे फोटो घालायची सोय, सगळं आहे. विंडोज आणि मॅकवर चालतं. किंमत मात्र डॉलरमध्ये, दोनशेच्या वर. वर्षाकाठी चार-पाच गोधड्या होत असतील तर हा खर्च निघणार नाही. दर महिन्याला वेगळ्या नक्षीच्या ऑर्डरी असतील तर विचार करा. भरतकामाच्या किंवा मोठ्या क्विल्टिंग मशीनच्या सॉफ्टवेअरशी याची गल्लत करू नका. ती मशीनला टाके घालायला सांगतात, तुकड्यांची मांडणी हे त्यांचं मुख्य काम नाही.

काहीही घ्या, साचा छापताना प्रिंटरची 'पानात बसवा' ही खूण काढून माप १०० टक्के ठेवा. अमेरिकी सॉफ्टवेअर लेटर आकाराचा कागद धरून चालतं, आपला ए४. त्या फरकात साचा नकळत लहान होतो. पानाच्या कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन काढून ठेवा आणि छापल्यावर त्यावर टेप लावून बघा. तो बरोबर एक इंच भरला, तरच लुगड्याची घडी उलगडा.