घाट उतरून विजयदुर्गला, शेरूसह

मुसलमान घरात कुत्र्याचा विषय निघाला की बोलणे 'पाळावा की पाळू नये' इथेच अडते. गेल्या डिसेंबरात आमच्यापुढे त्याच्या पुढचा प्रश्न होता: कोल्हापूरहून सह्याद्रीचा घाट उतरून विजयदुर्गपर्यंत कुत्रा न्यायचा कसा?

कारण रोकडे होते. विजयदुर्गला नानींची हापूसची बाग आहे. राखणदार गडी काम सोडून गेला आणि वानरांनी मोहोर ओरबाडायला सुरुवात केली. वर्षाची कमाई त्या मोहोरावरच. शेताच्या व जनावरांच्या राखणीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्ये आहे. म्हणून आमच्या गोठ्यावर वाढलेला शेरू बागेत द्यायचे ठरले. नानींची अट एकच: "बागेत राहू दे, उंबऱ्याच्या आत नको."

अटीमागे कारण आहे. घाटावरचे आपण बहुतेक हनफी, तर कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. हनफी मतात कुत्र्याची लाळ नापाक, पण नुसते अंग लागल्याने कपडा नापाक होत नाही. शाफई मतात लाळ किंवा ओले अंग लागले तर ती जागा सात वेळा, त्यांतून एकदा मातीने, धुवावी लागते. नानींच्या घरी जायचे म्हणून आम्ही कडक नियम धरला. मामूंच्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या भागात ताडपत्री, तिच्यावर गोणपाट आणि मध्ये आडवी जाळी. जानमाज, कपडे, जेवणाचे डबे झाकणाच्या पेटीत, पुढच्या सीटजवळ. शेरूचे भांडे वेगळे.

असा प्रवास आपल्या मुलखाला नवा नाही. फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढरे आणि राखणीची कुत्री घेऊन कोकणात उतरतात. मुधोळच्या शिकारी कुत्र्याचे तर नावच 'कारवानी'. आता 2021 पासून राज्य शासनाचे कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आहे.

आम्ही संध्याकाळी निघालो आणि गगनबावड्याला गाडीतच मुक्काम केला. उन्हे चढण्याआधी घाट उतरावा, हा हेतू. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. बाहेर 30 अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत 40 च्या आसपास तापमान जाते. काच बोटभर उघडी ठेवून विशेष फरक पडत नाही. म्हणून चहाला थांबलो तरी एकजण त्याच्याजवळ थांबायचा. रात्री त्याला बाहेर बांधले नाही, कारण या डोंगरांत बिबट्या आहे आणि कुत्रा ही त्याची सोपी शिकार.

फजरची नमाज झाली आणि करूळ घाटाला लागलो. वळणांनी कुत्र्यालाही मळमळते. निघण्याआधी तीन-चार तास त्याला खायला दिले नव्हते, फक्त पाणी दिले. तरी अर्ध्या घाटात त्याची लाळ गळू लागली. रुंद जागा पाहून गाडी बाजूला घेतली, साखळी धरून त्याला दहा मिनिटे चालवले. मोकळे सोडले नाही: घाटात माकडे असतात, त्यांच्यामागे धावला की दरी किंवा ट्रक. पुढे वैभववाडी, तळेरे, पडेल, गिर्ये करत दुपारच्या आत विजयदुर्ग गाठले.

नानींनी पहिला प्रश्न केला, "त्याने पाणी प्यायले का?" आणि आंब्याखाली मातीचे पसरट भांडे भरून ठेवले. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, ही हदीस त्यांनीच आम्हांला लहानपणी सांगितली होती.

शेरूला पोहोचवून आमची जबाबदारी संपली नाही. रेबीजची लस दरवर्षी द्यायची आहे. गोचिडांकडे रोज पाहायचे आहे, कारण याच जिल्ह्यात दोडामार्ग-बांदा भागात 2016 पासून गोचिडांमुळे होणारा माकडताप आढळला आहे. पावसाळ्याआधी त्याला उंच जोत्याची शेड हवी. बागेची राखण त्याच्याकडून घ्यायची, तर त्याचे अन्न, पाणी आणि दवापाणी आपल्यावर. आंब्याचे पैसे आले की पहिला खर्च शेडचा, असे नानींनी आताच सांगून ठेवले आहे.