सायकल कुणाच्या नावावर?

मुरबाडकडच्या एका पाड्यावर बचत गटाची बैठक होती. हिशेब, हप्ते, सह्या-अंगठे आटोपले की शेवटची दहा-पंधरा मिनिटं मी बायकांना काहीतरी सांगते. त्या दिवशी वेदांगी कुलकर्णीची गोष्ट सांगितली.

पुण्याची ही मुलगी. जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलवर निघाली आणि डिसेंबरात कोलकात्याला पोचली. वय वर्षे वीस. १५९ दिवस, १४ देश आणि तब्बल २९ हजार किलोमीटर! कधी कधी दिवसाला तीनशे किलोमीटर. आसनगाव ते सीएसएमटी तीनदा कापूनही वर उरेल एवढं अंतर! बराचसा प्रवास एकटीनं. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकानं लुटलं, तरी ती पुढे गेली. जर्मनीनंतर डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड करत रशियात शिरली आणि तिथल्या बर्फात तंबू ठोकून राहिली.

मला वाटलं, बायका टाळ्या वाजवतील. पण कोपऱ्यातल्या आजींनी विचारलं, "ताई, रातची ती निजायची कुठं?" दुसरी म्हणाली, "आन् पाळी आली म्हंजे?" तिसरीचा प्रश्न, "बापानं सोडली कशी?"

बाईच्या प्रवासाचे खरे प्रश्न हेच तर आहेत! मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. तिचे वडील तिच्या पाठीशी उभे होते. स्वीडन आणि फिनलंडमध्ये जुना रिवाज आहे, रान सगळ्यांचं. कुणाच्या घराला, शेताला त्रास न देता कुणीही एखादी रात्र तंबू टाकून राहू शकतं. डेन्मार्कमध्ये तर सायकलींसाठी वेगळे रस्ते. शाळकरी पोरं, आज्या, पोटुशा बायका, सगळ्या सायकलवर. पण तिकडचा हिवाळा वाईट. स्टॉकहोमला डिसेंबरात दुपारी तीनलाच सूर्य मावळतो. म्हणजे लांब पल्ला गाठायचा तर अंधारात सायकल हाणायचीच.

"आंधारात?" आजींनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात माझी नजर दाराशी बसलेल्या एका आईकडे गेली आणि माझा आवाजच बसला.

तिच्या मुलीला आठवीत सायकल मिळाली होती. शाळा चार किलोमीटर, मधे रानाचा पट्टा. पावसाळ्यात त्या आईनं मला विचारलं होतं, "ताई, एकलीला पाठवू का?" मी बी. ए. झालेली, सभांतून मुलींच्या शिक्षणावर बोलणारी. मी काय म्हणाले? "थोडे दिवस थांब. सोबत मिळाली की पाठव." सोबत काही मिळाली नाही. सायकल तिचा भाऊ हायवेवरच्या ढाब्यावर कामाला नेऊ लागला आणि पोरगी घरी भाकऱ्या भाजू लागली. सायकल मुलीच्या नावावर, पायडल मारणार भाऊ!

मला माझंच लग्न आठवलं. कॉलेजला मी सायकलनं जायची. सासरी आल्यावर ती माळ्यावर गेली. कुणी मनाई केली नव्हती, फक्त "आता कशाला?" एवढंच म्हणाले होते. तेच "आता कशाला" मी त्या पोरीपर्यंत पोचवलं होतं, काळजीच्या नावाखाली.

बैठकीतच सगळ्यांसमोर त्या आईला म्हटलं, "माझं चुकलं. पोरीला सायकल परत दे." ती म्हणाली, "मंग पोरगा ढाब्यावर कशानं जाईल? त्याच्या पगारावर चूल पेटते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी बायकांनीच हिशेब मांडला. गटाच्या कर्जातून भावासाठी जुनी सायकल घ्यायची. हप्ता त्यानं त्याच्या पगारातून फेडायचा. शाळेच्या वाटेवर ज्यांची शेतं आहेत, त्या दोघींनी पोरगी जाताना-येताना लक्ष ठेवायचं. पुण्याच्या मुलीला घरचा आधार होता. या पोरीचा आधार या बायकाच झाल्या.

मधे बरेच दिवस बुडाले, त्यामुळं गणित मागे पडलंय. पण पोरगी शाळेत जाते. पहिल्या आठवड्यात आई वळणापर्यंत मागे मागे चालत गेली, आता जात नाही.

मैत्रिणींनो, आपल्या लेकीनं जग पालथं घातलंच पाहिजे असं नाही. पण तिच्या नावावरची सायकल आज कोण चालवतंय, एवढं तरी घरात बघा. आणि आपण देतो तो सल्ला काळजीचा आहे की आपल्याच भीतीचा, हेही.

परवा गटातल्या आजी म्हणाल्या, "ताई, रानात पंक्चर झाली तर? शिकवा पोरींना." शहापूरच्या एका सायकलवाल्याला पुढच्या बैठकीला बोलावलंय. मुलींच्या रांगेत मीही बसणार आहे. माळ्यावरची सायकल खाली काढलीय, तिची दोन्ही चाकं बसलीत.