आधी शेंडा बघा, मग खत

परतीचा पाऊस ओसरला की मी गॅलरीत जेडच्या कुंडीशी पाट टाकून बसतो. लगेच माती उकरत नाही. आधी शेंडे बघतो. तांदळाच्या दाण्याएवढी पोपटी पानांची जोडी फुटलेली दिसली, की झाड जागं झालं. मगच गांडूळखताच्या पिशवीची गाठ सोडायची.

पुण्यातल्या नर्सरीत ‘जेड’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा पोर्तुलाकारिया आफ्रा असतं: बारीक गोलसर पानं, लालसर खोड. मोठ्या, जाड पानांचं ते क्रासुला ओव्हाटा. दोघांची कुळं वेगळी, पण मूळ गाव एकच, दक्षिण आफ्रिका. पोर्तुलाकारियाला तिकडे स्पेकबूम म्हणतात. कोरड्या, खडकाळ उतारांवर ते वाढतं, हत्ती ते ओरबाडून खातात आणि खाली पडलेली फांदीसुद्धा रुजते. इतक्या काटक झाडाला आपण लाडाने भरवायला जातो आणि तिथेच फसतो.

मीही फसलो. पहिला जेड आणला तेव्हा खताच्या डब्यावर ‘दर पंधरा दिवसांनी’ असं छापलं होतं. मी ते नेमाने पाळलं. जुलैत आठ-आठ दिवस ऊन नाही, कुंडी कायम ओली, तरी माझा पंधरवडा चुकला नाही. एका सकाळी कुंडीभोवती पानांचा सडा पडला होता. खोड अंगठ्याने दाबलं तर पिकल्या केळ्यासारखं आत गेलं. बोटाला तपकिरी पाणी लागलं, त्याला कुजका वास. वरची वीतभर फांदी तेवढी टणक होती. ती कापली, आठवडाभर सावलीत सुकवली आणि जाडसर वाळूत खोचली. आज गॅलरीत आहे ते झाड त्याच फांदीचं.

ओल्याचिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही, त्यांचं काम थांबतं. न उचललेलं खत क्षार होऊन मातीत साचतं आणि नाजूक मुळांना पोळवतं. झाड उपासाने मेलं नव्हतं, अजीर्णाने मेलं होतं.

परदेशी पुस्तकं सांगतात, वसंतापासून उन्हाळाभर खत द्या, हिवाळ्यात बंद करा. त्यांच्याकडे ते बरोबरच आहे, कारण तिथे हिवाळ्यात ऊन नसतं. आपला डिसेंबर लख्ख असतो. आपल्याकडे झाडाचे अंधारे, ओले महिने म्हणजे जुलै-ऑगस्ट. म्हणून माझं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं.

ऑक्टोबरात वरची इंचभर माती जुन्या काट्याने हलकी करायची. आठ इंची कुंडीला मूठभर गांडूळखत आणि चिमूटभर निंबोळी पेंड मिसळायची. नोव्हेंबरात एकदाच 19:19:19 द्यायचं. हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे, प्रत्येकी 19 टक्के. पाच लिटरच्या बादलीत एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे लिटरला साधारण 1 ग्रॅम. आदल्या दिवशी साधं पाणी घालून माती ओलसर करून ठेवायची. कोरड्या मातीत खताचं पाणी ओतलं की ते मुळांतलंच पाणी ओढून घेतं.

डिसेंबर-जानेवारीत रात्री गार होतात, शेंडे मंदावतात, तेव्हा खत नाही. फेब्रुवारीत पुन्हा एक मूठ. कुंडी बदलायची असेल तर तीही याच महिन्यात, आणि त्यानंतर सहा आठवडे काही घालायचं नाही. एप्रिल-मेच्या काहिलीत पाणी तुटलं की पोर्तुलाकारिया दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतो आणि रात्री उघडतो. तेव्हा त्याची धडपड तगून राहायची असते, वाढायची नव्हे. दुपारची सावली आणि बेताचं पाणी पुरतं. जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली, खत बंद.

शेजारपाजारचे सल्ले येतच राहतात: तांदळाचं धुवण घाला, चहाचा चोथा टाका. एकदा चोथा टाकून पाहिला. आठवड्यात त्याला बुरशी आली आणि चिलटं घोंघावू लागली.

जास्त झालेलं खत झाड स्वतःच दाखवून देतं. दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर वाढतं, फांद्या लुळ्या पडतात, कोवळ्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण कापसासारखा बसतो. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरी खार फुटते. असं दिसलं तर दोन-तीनदा भरपूर साधं पाणी ओतून ते खालून पूर्ण निथळू द्यावं आणि पुढचे दोन महिने खताचं नाव काढू नये.

डब्यावरची तारीख कंपनीची असते, झाडाची नाही. शेंड्याला नवी जोडी नसेल, तर डबा फडताळातच राहू द्या.