दगडाखालचा दगड

पावसाळ्यात माळशेज घाटात गाडी थांबली की सगळ्यांचे मोबाइल धबधब्याकडे वळतात. पुढच्या खेपेला धबधब्यामागच्या कड्याकडेही जरा बघा. पाणी वरून थेट खाली येत नाही. उभ्या कातळावरून सुटतं, गवताच्या पट्टीवर टेकतं, तिथून पुन्हा उडी घेतं. कातळ, गवत, पुन्हा कातळ, पुन्हा गवत. शेजारच्या डोंगरालाही अशाच आडव्या रेघा. भूशास्त्रज्ञ दख्खनच्या या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द आला स्वीडिश भाषेतल्या ‘जिना’ या अर्थाच्या शब्दावरून.

या जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे एकेकाळी वाहत आलेला लाव्हा. काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. आज हा खडक जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि मूळ पसारा याहून कितीतरी मोठा होता.

‘मग तो ज्वालामुखी नेमका कुठे होता?’ हा प्रश्न प्रत्येक ट्रेकला कुणीतरी विचारतंच. आपल्या डोक्यात शाळेच्या पुस्तकातलं चित्र असतं : शंकूसारखा डोंगर, वर तोंड, त्यातून धूर. इथला बराचसा लाव्हा तसा आलाच नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो उतू गेला. माणसाने अशी घटना छोट्या प्रमाणावर पाहिली आहे. १७८३ मध्ये आइसलँडमधल्या लाकी इथे सुमारे २५ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा ओकत राहिली. आपल्याकडे अशी भेग कुठे होती हे सांगणाऱ्या खुणा धुळे-नंदुरबार भागात उघड्यावर दिसतात. भेगेतच थिजलेला लाव्हा आजूबाजूचा खडक झिजल्यावर भिंतीसारखा उभा राहिला आहे. (लोणारच्या विवरालाही पुष्कळ वर्षं ज्वालामुखीचं तोंड समजत. ते उल्केच्या आघाताने झालेलं आहे.)

एवढा खडक वितळला कसा? पृथ्वीच्या कवचाखालचं प्रावरण प्रचंड तापलेलं असतं, पण वरच्या दाबामुळे घनच राहतं. कुकरमधलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, दाब सुटला की एकदम उसळतं, तसंच काहीसं. तापलेला खडक वर सरकला, दाब उतरला की तो वितळू लागतो. त्या वेळी आपला भूखंड दक्षिणेकडून उत्तरेकडे येत होता आणि वाटेत अशाच एका तप्त जागेवरून गेला. भूखंड पुढे निघून आला, जागा मागे राहिली. लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस या माळेखाली तिचा माग दिसतो, आणि माळेच्या टोकाला, रियुनियन बेटावर, ज्वालामुखी अजून जागा आहे.

एकच पायरी जवळून बघू. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून खडक भोकाभोकांचा होतो. पुढे त्या भोकांत खनिजं जमली, त्या आपल्या गारगोट्या. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सापडणारं निळंशार कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक शोधत असतात. मधला भाग मात्र घट्ट, उभ्या चिरा पडलेला. अशा चिरांनी झालेले खांब मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर दिसतात. घट्ट भागाचा कडा होतो, भोकाळ भाग झिजून गवताची पट्टी होते. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूच्या रंगाची रेघ दिसते. तो पुढचा लोट येईपर्यंत उघडा पडलेला, हवापाण्याने कुजलेला माथा. हा मधला काळ किती मोठा असेल? वरळीच्या टेकडीत दोन लाव्हांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. म्हणजे मधल्या काळात तिथे तळं साचलं आणि बेडूक नांदले. मला या साऱ्या उलथापालथीत ते वरळीचे बेडूकच जास्त लक्षात राहतात.

जमिनीचं रूप बदलायला भूकंपाला मात्र इतका वेळ लागत नाही. १६ जून १८१९ रोजी कच्छच्या रणात काही क्षणांत सुमारे ८० किलोमीटर लांबीची जमीन वर उचलली गेली आणि शेजारी सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला. माणसाने न बांधलेल्या त्या बांधाला लोकांनी नाव दिलं ‘अल्लाह बंद’.

असलं काही कच्छात, हिमालयात होतं, दख्खनचा दगड भक्कम, असं आपण मानत होतो. पहिला धक्का बसला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेत. तीव्रता ६.३, मृत्यू १८० च्या आसपास. धरणाला तडे गेले, पण ते टिकलं. १९६२ पासून जलाशय भरू लागला आणि छोटे हादरे सुरू झाले होते. पाणी चिरांमधून खोल मुरलं की भेगेच्या दोन बाजूंमधलं घर्षण कमी होतं, आणि आधीच ताणलेला खडक सटकतो. पाणी ताण निर्माण करत नाही, तो सुटायला निमित्त होतं. ताण येतो भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकत आशियाला भिडल्यामुळे.

किल्लारीला असं मोठं धरणही नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून गावं झोपलेली. ६.२ तीव्रतेच्या धक्क्याने दहा हजारांच्या घरात माणसं गेली.

पुढे दोन्हीकडे जमिनीत खोल भोकं पाडून पाहिलं. कोयना भागात लाव्हाचे थर सव्वा किलोमीटरपर्यंत जाडीचे निघाले, किल्लारीत जेमतेम ३३८ मीटर. त्याखाली अब्जावधी वर्षांचा जुना खडक, आणि भूकंप त्यातल्या भेगांमधले. आपण ज्याला भक्कम म्हणत होतो ते वरचं झाकण होतं.

किल्लारीत माणसं मारली ती घरांनी. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, पण आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींत न गुंतवलेली. वर माळवद, आणि गळू नये म्हणून वर्षानुवर्षं त्यावर चढवलेली माती. भिंती फुटल्या आणि ते सगळं ओझं झोपलेल्यांवर आलं. गवताच्या झोपड्या आणि हलकी पत्र्याची घरं त्याच गावांत उभी राहिली.

या दिवाळीत गावी जाल आणि घर जुनं, दगडमातीचं असेल, तर एवढं करा. भिंतीला कुठे पोट आलंय का, हात फिरवून बघा. माळवदावरची माती किती चढलीय ते मोजा, आणि जाणत्या गवंड्याला विचारून जास्तीची उतरवून घ्या.