चौकट : ओरखडे आणि आरसे

सलगतेचा दोष, म्हणजे एकाच प्रसंगाच्या लागोपाठच्या शॉटमध्ये जखम, पोशाख वा वस्तू यांत पडलेला फरक, मारामारीच्या चित्रपटांत हमखास आढळतो, कारण पडद्यावर काही मिनिटांत आटोपणारी झुंज प्रत्यक्षात अनेक दिवस तुकड्यातुकड्यांनी चित्रित होते. ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) या चित्रपटाच्या अखेरीस खलनायक हानच्या कृत्रिम पंजाने ब्रूस लीच्या अंगावर उमटलेल्या समांतर ओरखड्यांची लांबी, जागा आणि रक्ताचा ओलेपणा रंगभूषाकाराला दर वेळी नव्याने जुळवावा लागतो. त्यातच ही झुंज आरशांच्या खोलीत शिरत असल्याने तोच ओरखडा अनेक प्रतिबिंबांत दिसतो आणि कॅमेराही लपवावा लागतो. म्हणून दोष शोधणाऱ्याने चेहऱ्याऐवजी ओरखड्यांवर आणि आरशांच्या कडांवर नजर ठेवावी. ठोसा आणि गाल यांतील अंतर मात्र चूक मानणे अन्यायाचे ठरेल. इजा टाळण्यासाठी ते मुद्दाम राखलेले असते, आणि ते उघडे पडलेच तर दोष कॅमेऱ्याच्या कोनाचा असतो, जीव धोक्यात घालणाऱ्या स्टंट कलाकाराचा नव्हे. याच चित्रपटातील भूमिगत तळावरच्या झुंजीत लीच्या हातून मान मोडून पडणारा पहारेकरीही असाच एक स्टंट कलाकार, जॅकी चॅन, आहे.