लिनक्स सुरू होताना दीड मिनिट कुठे अडतं?
पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ ही ओळ येते आणि १ मिनिट ३० सेकंदांची मोजणी सुरू होते. लगेच ‘हार्ड डिस्क गेली’ म्हणून नवीन घ्यायला धावू नका. अनेकदा डिस्क ठणठणीत असते. काढलेल्या किंवा फॉरमॅट केलेल्या पार्टिशनचा जुना यूयूआयडी ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये तसाच राहतो, आणि सिस्टीम-डी त्याचीच वाट बघत बसतं. स्वॅप पार्टिशन नव्याने बनवलं की हमखास हा घोळ.

टर्मिनलवर ‘एलएसबीएलके -एफ’ चालवा, दिसणारे यूयूआयडी फाइलशी ताडून बघा. फाइलची कॉपी आधी ठेवा, हे विसरू नका! यूयूआयडी बदलला असेल तर नवा लिहा. पार्टिशनच नसेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह द्या. बॅकअपची डिस्क कधीमधीच जोडत असाल, तर तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घाला. मग ती नसली तरी मशीन अडून राहत नाही.